केदारतालच्या वाटेवर एक मुक्काम वाढवा

महोदय,

नवतपा जवळ आला की नागपुरातील ट्रेकिंगच्या जाहिरातींना बहर येतो. नेहमीच्या गजबजलेल्या वाटा सोडून उंचावरच्या सरोवरांकडे जाणाऱ्या निवांत वाटांची नावेही आता त्यांत दिसू लागली आहेत, ही चांगली गोष्ट आहे. परंतु अशा सहलींचे दिवस ज्या घाईने आखले जातात, त्याविषयी लिहिणे आवश्यक वाटते.

गढवालमधील केदारतालचेच उदाहरण घेऊ. गंगोत्रीहून गोमुखाकडे जाण्यास दिवसाला १५० जणांनाच परवानगी मिळते आणि हंगामात तेवढे लोक असतातही. केदारगंगेच्या बाजूने भूर्जवृक्षांमधून चढणारी केदारतालची वाट त्या मानाने बरीच मोकळी असते. थलयसागर हे ६,९०४ मीटरचे शिखर ज्याच्या माथ्यावर उभे आहे, त्या सरोवराच्या काठी पोहोचल्यावर श्रमांचे सार्थक होते, यात शंका नाही. मात्र गंगोत्री सुमारे ३,१०० मीटरवर आहे आणि केदारताल सुमारे ४,७५० मीटरवर. भोजखरक व केदारखरक असे दोनच मुक्काम करून तिसऱ्या दिवशी सरोवर गाठायचे, असा क्रम सर्रास ठेवला जातो. तीन हजार मीटरच्या वर गेल्यानंतर झोपण्याची जागा एका दिवसात पाचशे मीटरपेक्षा अधिक उंच नसावी, असे वैद्यकीय मार्गदर्शन आहे. गंगोत्री ते भोजखरक या पहिल्याच टप्प्यात ते मोडले जाते.

आपले शहर समुद्रसपाटीपासून जेमतेम ३१० मीटरवर आहे. सेमिनरी हिल्सवर रोज पहाटे धावणाऱ्याचा दम चांगला असतो, पण विरळ हवेची सवय शरीराला त्यातून होत नाही. ती त्या उंचीवर रात्री काढूनच होते. उलट, दणकट तरुण झपाझप चढतात, डोकेदुखी व मळमळ अंगावर काढतात आणि ‘ॲसिडिटी असेल’ म्हणून पुढे निघतात. (आपल्याकडे सगळ्याचे खापर ॲसिडिटीवर फोडण्याची सवयच आहे.) दुखणे वाढून फुप्फुसांत पाणी झाले किंवा मेंदूला सूज आली, तर रुग्णाला तातडीने खाली उतरवणे हाच मुख्य उपाय असतो. ज्या वाटेवर उभ्या कड्याला बिलगून जाणारा ‘स्पायडर वॉल’सारखा टप्पा आहे, वरून दगड घरंगळतात आणि मदतीला दुसरा गट असेलच याची खात्री नाही, तेथे रात्री आजाऱ्याला उतरवणे किती कठीण असेल, याचा विचार निघण्यापूर्वीच व्हायला हवा. आपण शोधत असलेल्या एकांताची ही दुसरी बाजू आहे.

सुट्ट्या मोजक्या असतात, परतीचे आरक्षण आधीच झालेले असते, हे मान्य. तरीही उत्तरकाशीत एक रात्र, गंगोत्रीत दोन रात्री आणि दिवसा थोडे वर चढून पुन्हा गंगोत्रीतच मुक्काम, एवढा बदल अशक्य नाही. त्यापुढे भोजखरकला आणखी एक रात्र काढता आली तर उत्तमच. त्यासाठी दिल्लीतील खरेदीचा दिवस वगळावा लागला तरी चालेल.

सहली नेणाऱ्या संस्थांनी जाहिरातीत केवळ सरोवराची उंची न छापता प्रत्येक रात्रीच्या मुक्कामाची उंची छापावी आणि आपणही आपल्या पर्यटन पुरवणीत मार्गांची माहिती देताना हा तपशील द्यावा, ही विनंती.

– एक वाचक, धरमपेठ, नागपूर