आकडा पाठ झाला, माणसं राहून गेली

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

माझी नात नववीत आहे. इतिहासाची उजळणी घेताना मी विचारलं, 'नाझींनी किती ज्यू मारले?' ती ताडकन म्हणाली, '60 लाख. एका मार्काला येतं, आजी.' त्यांतल्या एकाचं तरी नाव माहीत आहे का, असं विचारल्यावर गप्प बसली. दोष तिचा नाही. मीही अनेक वर्षं इतिहास असाच शिकवला.

9 डिसेंबर हा वंशसंहारातल्या बळींचा स्मरणदिन. संयुक्त राष्ट्रांनी तो 2015 मध्ये ठरवला. 1948 साली त्याच तारखेला वंशसंहारविरोधी करार संमत झाला होता. बडोद्यातल्या शाळांत योगदिन होतो, पर्यावरणदिन होतो, हा दिवस मात्र पाळलेला मी पाहिला नाही.

बोस्नियातल्या स्रेब्रेनित्सा इथे जुलै 1995 मध्ये 8 हजारांहून अधिक मुस्लिम पुरुष आणि मुलगे मारले गेले. पुरावा लपवायला मारेकऱ्यांनी यंत्रं लावून कबरी उकरल्या आणि प्रेतं दुसरीकडे नेऊन पुरली. म्हणून एकाच माणसाची हाडं दोन-तीन ठिकाणी सापडतात. डीएनए जुळून ओळख पटली, की 11 जुलैला पोतोचारीच्या दफनभूमीत त्याला नावानिशी माती देतात. कुणा आईच्या वाट्याला मुलाची दोन-चार हाडंच येतात. हे ऐकून नातीने विचारलं, 'मुलगा केवढा होता?' हाच प्रश्न मला तिच्या तोंडून हवा होता.

थोड्या मोठ्या मुलांना रवांडाही सांगावा. 1994 मध्ये तिथे शंभर दिवसांत सुमारे 8 लाख माणसं मारली गेली, बहुतेक तुत्सी जमातीची. त्याआधी रेडिओवरून त्यांना झुरळं म्हणत होते, आणि कोण कुठल्या जमातीचा हे ओळखपत्रावरच लिहिलेलं होतं.

सयाजीराव महाराजांनी 1906 मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, पुढे पुस्तकांच्या पेट्या खेडोपाडी फिरवल्या. तशी एक पेटी सेंट्रल लायब्ररीने नोव्हेंबरभर शाळाशाळांत फिरवावी, या विषयावरच्या गुजराती, मराठी, हिंदी पुस्तकांची. आणि 9 डिसेंबरला प्रार्थनेनंतर प्रत्येक वर्गाने दहा नावं वयासकट मोठ्याने वाचावीत. भाषण नको, पाहुणे नकोत. नावांची अडचण नाही. जेरुसलेमच्या याद वाशेम या स्मारकाने नाझींनी मारलेल्या ज्यूंच्या लाखो नावांची सूची सगळ्यांना खुली ठेवली आहे.

ती नावं देवनागरीत आणि गुजरातीत उतरवून द्यायचं काम मी करीन. पहिली दहा आम्ही आजी-नातीने लिहून ठेवली आहेत.

– एक निवृत्त शिक्षिका, दांडिया बाजार, बडोदे