गोळी सुरू असूनही रक्तदाब का उतरत नाही

चि. समीर यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. वर्षभर रक्तदाबाची गोळी घेत असूनही परवाच्या तपासणीत आकडा १५२/९४ आला, डॉक्टरांनी दुसरी गोळी जोडण्याचा विचार बोलून दाखवला आणि तू 'आधी महिनाभर पथ्य कडक करून पाहतो' असे सांगून परत आलास, हे वाचल्यावर मी लगेच लिहायला बसले. एका गोळीवर भागले नाही म्हणजे आपणच कुठेतरी कमी पडलो, असा सूर तुझ्या पत्रात आहे. परिचारिका म्हणून नोकरी करताना हा सूर मी रुग्णांच्या तोंडून फार ऐकला आहे, आणि त्या संकोचापायी माणसे पुढची तपासणीच टाळू लागतात हेही पाहिले आहे. म्हणून हे सविस्तर पत्र.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालानुसार जगात ३० ते ७९ वर्षे वयाच्या सुमारे १३० कोटी लोकांना उच्च रक्तदाब आहे, आणि त्यांपैकी पाचांत जेमतेम एकाचा तो आटोक्यात आहे. उरलेल्यांत निदानच न झालेले पुष्कळ आहेत हे खरे. पण जे औषध घेतात त्यांच्यातही साधारण निम्म्यांचा रक्तदाब १४०/९० च्या खाली आलेला नाही. इतक्या लोकांच्या बाबतीत जे घडते त्याला एकाच्या मनोबलाची उणीव हे कारण असू शकत नाही. कारणे अनेक असतात, ती शोधता येतात, आणि शोधण्याचा एक क्रमही आहे.

पहिली गोष्ट म्हणजे तो आकडा खरा आहे का, हे पाहणे. रक्तदाब मोजण्यापूर्वी अर्धा तास चहा, कॉफी, धूम्रपान आणि व्यायाम नको; लघवीला जाऊन यावे; पाठ टेकून, दोन्ही पावले जमिनीवर ठेवून, पायावर पाय न टाकता पाच मिनिटे शांत बसावे; हात टेबलावर हृदयाच्या पातळीत ठेवावा, पट्टा कापडावर न बांधता उघड्या दंडावर बांधावा आणि मोजणी चालू असताना बोलू नये. यांतली एखादी गोष्ट चुकली तरी वरचा आकडा पाच-दहाने सहज वाढतो. दंड जाड आणि पट्टा लहान असेल तर त्याहूनही जास्त वाढतो, आणि ही चूक दवाखान्यांतसुद्धा होते. तू घाईघाईने पोचलास आणि बसताच पट्टा बांधला गेला, असे तूच लिहिले आहेस. त्यामुळे त्या एका आकड्यावर मी फार विसंबणार नाही, पण त्याच्याकडे दुर्लक्षही करू देणार नाही. काहींचा रक्तदाब डॉक्टरांसमोरच वाढतो आणि घरी ठीक असतो. काहींचे नेमके उलटे असते, आणि हा दुसरा प्रकार अधिक घातक, कारण तपासणीत सारे उत्तम दिसते आणि कोणी काही करत नाही.

म्हणून दंडावर पट्टा बांधायचे, अचूकता तपासून प्रमाणित केलेले यंत्र घे, मनगटाचे नको. सलग सात दिवस सकाळी गोळी घेण्यापूर्वी आणि संध्याकाळी, प्रत्येक वेळी मिनिटाच्या अंतराने दोनदा मोज, आणि येतील ते सगळे आकडे लिही, चांगले तेवढेच निवडून नको. पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी काढायची. घरच्या मोजणीत ती १३५/८५ किंवा त्याहून अधिक आली, तर रक्तदाब खरोखरच आटोक्यात नाही असे समजायचे.

दुसरी गोष्ट गोळ्यांची. वाढलेला रक्तदाब दुखत नाही, खुपत नाही, म्हणून औषध सुरू केलेल्यांपैकी जवळपास निम्मे लोक वर्षभराच्या आत ते सोडतात किंवा अनियमित घेऊ लागतात. आकडा ठीक आला की 'आता बरे झालो' असे वाटते; वास्तविक तो गोळीमुळेच ठीक आलेला असतो. काहींना औषधाचा त्रास होतो आणि ते कोणाला न सांगता बंद करतात. ॲम्लोडिपीनने घोट्यांना सूज येऊ शकते, एनालाप्रिल किंवा रॅमिप्रिलने कोरडा खोकला लागू शकतो. दोन्हींना पर्याय आहेत, पण त्यासाठी डॉक्टरांना ते कळायला तर हवे. शिवाय बीटा-ब्लॉकर किंवा क्लोनिडीन ही औषधे एकाएकी थांबवली, तर रक्तदाब उसळी घेतो आणि हृदयावर ताण येतो. गोळी सकाळी घ्यावी की रात्री, असे तू विचारलेस. ब्रिटनमध्ये एकवीस हजारांहून अधिक रुग्णांवर झालेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'टाइम' चाचणीत हृदयविकार आणि पक्षाघात टाळण्याच्या दृष्टीने दोन्ही वेळांत फरक आढळला नाही. तुझ्या हातून जी वेळ चुकणार नाही ती तुझी वेळ. गेल्या महिन्यात किती गोळ्या चुकल्या हे डॉक्टरांना मोकळेपणाने सांग. ते लपवले, तर त्यांना वाटेल की औषध अपुरे पडते आहे, आणि ते विनाकारण मात्रा वाढवतील.

आता त्या दुसऱ्या गोळीविषयी, कारण माझ्या मते सर्वांत मोठा गैरसमज इथेच आहे. शरीर रक्तदाब एका मार्गाने सांभाळत नाही. मूत्रपिंडे मीठ-पाणी किती धरून ठेवतात, रक्तवाहिन्या किती आकुंचित राहतात, रेनिन-अँजिओटेन्सिन ही संप्रेरकांची साखळी किती जागृत आहे आणि मज्जासंस्था हृदयाला किती हाकते, या सगळ्यांवर तो ठरतो. एका औषधाने एक मार्ग रोखला की शरीर उरलेल्या मार्गांनी रक्तदाब पुन्हा वर नेऊ पाहते. म्हणूनच एकाच गोळीची मात्रा दुप्पट केल्याने थोडासाच जादा लाभ होतो आणि त्रास मात्र वाढू शकतो, तर वेगळ्या मार्गावर काम करणारे दुसरे औषध कमी मात्रेत जोडले तरी परिणाम कितीतरी अधिक मिळतो. बहुतेक रुग्णांना दोन किंवा अधिक औषधे लागतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचना तर सुरुवातच दोन औषधांनी, शक्यतो एकाच गोळीत एकत्र करून, करावी असे सुचवतात. अशा एकत्रित गोळ्या २०१९ पासून तिच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत. गोळ्यांची संख्या कमी राहिली की नियमितपणाही टिकतो.

रक्तदाब न उतरण्याचे एक मोठे कारण असेही असते की आकडा वाढलेला दिसत असूनही उपचार बदलला जात नाही. डॉक्टर 'पुढच्या वेळी पाहू' म्हणतात आणि रुग्णालाही तेच ऐकायचे असते. तुझे डॉक्टर तसे करत नाहीत, याचे मला समाधान वाटले. वरचा आकडा १० ने कमी झाला की पक्षाघाताचा धोका साधारण एक चतुर्थांशाने घटतो. इतका लाभ पुढे ढकलू नकोस. पथ्य जरूर पाळ, पण ते औषधासोबत. औषध टाळण्यासाठी नको.

तिसरी गोष्ट तुझ्या पत्रात एका ओळीत उरकलेली आहे, पण मला ती खटकली. पाठदुखीसाठी तू आठवड्यातून बरेचदा आयबुप्रोफेन घेतोस. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या वेदनाशामकांमुळे मूत्रपिंडे मीठ आणि पाणी धरून ठेवतात, रक्तदाब वाढतो आणि रक्तदाबाच्या बऱ्याच औषधांचा परिणाम बोथट होतो. रॅमिप्रिल, टेल्मिसार्टन यांसारखी औषधे आणि लघवी वाढवणारी गोळी यांच्या जोडीने ती घेतल्यास मूत्रपिंडांनाही इजा होऊ शकते. पॅरासिटामॉल त्या मानाने सौम्य आहे, तरी रोज पूर्ण मात्रेत घेतल्यास तेही रक्तदाब वाढवू शकते. सर्दीत नाक मोकळे करणाऱ्या गोळ्या, पाण्यात फसफसून विरघळणाऱ्या सोडियमयुक्त गोळ्या, स्टिरॉइड, काही गर्भनिरोधक गोळ्या, फार काय, ज्येष्ठमधाचे सततचे सेवनसुद्धा रक्तदाब वाढवते. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळणारे औषध हेही औषधच असते. तेव्हा असे सर्व काही एका कागदावर लिहून डॉक्टरांपुढे ठेव, आणि पाठीसाठी काय घ्यावे हे त्यांनाच विचार.

मिठाविषयी तुला ठाऊक आहे. दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे लहान चमचाभराहून कमी, आणि त्यात तयार, पाकीटबंद पदार्थांतले मीठही धरायचे. पोटॅशियमयुक्त मीठ मात्र मूत्रपिंडांची तपासणी झाल्याशिवाय सुरू करू नकोस. वजन एक किलो उतरले की वरचा आकडा साधारण एकाने उतरतो. आठवड्याला दीडशे मिनिटे वेगाने चालणे आणि मद्य सोडणे यांचाही उपयोग होतो.

झोपेबद्दल मात्र मी आग्रह धरीन. तू मोठ्याने घोरतोस आणि सकाळी उठल्यावर ताजेतवाने वाटत नाही असे सूनबाई सांगत होती. झोपेत श्वास मध्येच थांबण्याचा विकार असेल, तर रात्रभर मज्जासंस्था ताणलेली राहते आणि गोळ्या कमी पडतात, म्हणून हेही डॉक्टरांना सांगच. पुरेशा मात्रेत, एक लघवी वाढवणारी गोळी धरून तीन औषधे नियमित घेऊनही रक्तदाब उतरला नाही, तर डॉक्टर मूळ विकाराचा शोध घेतात. त्यात मूत्रपिंडांचा आजार, त्यांच्या रक्तवाहिनीतला अडथळा आणि मूत्रपिंडांच्या वर असलेल्या अधिवृक्क ग्रंथीतून अल्डोस्टेरॉन हे मीठ धरून ठेवणारे संप्रेरक जास्त पाझरणे ही प्रमुख कारणे आहेत. यांतले शेवटचे रक्तातले पोटॅशियम सामान्य असतानाही असू शकते आणि म्हणून वर्षानुवर्षे सुटून जाते. तुझ्यावर ती वेळ आलेली नाही, पण क्रिएटिनीन (मूत्रपिंडांचे काम कसे चालले आहे ते दाखवणारा रक्तातला घटक), पोटॅशियम आणि लघवीतील प्रथिने यांची तपासणी वर्षभरात झाली नसेल तर ती आताच करून घे.

मोजणीचे सात दिवस संपायची वाट न पाहता डॉक्टरांची पुढची वेळ आजच ठरवून टाक. मधल्या काळात आकडा १८०/१२० च्या वर गेला आणि छातीत दुखणे, धाप लागणे, बोलणे अडखळणे, दिसण्यात बदल किंवा हातापायातली शक्ती जाणे यांपैकी काहीही जाणवले, तर घरी पुन्हा पुन्हा मोजत न बसता थेट रुग्णालयात जा. दुसरी गोळी सुरू झाल्यावर उठताना चक्कर येते का, ते पाहा, आणि येत असेल तर उभे राहूनही एकदा रक्तदाब मोज. सात दिवसांचे आकडे आणि डॉक्टरांनी काय बदल केला ते मला कळव.

तुझी,
आई