मथळ्यातला आंधळा, बहिरा आणि पांगळा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

‘प्रशासन आंधळे’, ‘सरकार बहिरे’, ‘योजना पांगळी’ असे मथळे मराठी दैनिकांत नेहमीचेच झाले आहेत. सभांमधली भाषा आणखी पुढची. तिथे प्रतिस्पर्ध्याला सरळ मतिमंद म्हणतात आणि टाळ्या पडतात. हरकत घेतली की ठरलेले उत्तर येते: एवढे मनाला लावून घेऊ नका. विशेष शिक्षण आणि वाचा-श्रवण उपचार या क्षेत्रांत काम करणारे आम्ही काही जण आहोत. प्रश्न मन दुखावण्यापुरता असता तर हे पत्र लिहिले नसते. हिणवणाऱ्या शब्दांच्या धाकाने निदान लांबते, यंत्रे कपाटात पडून राहतात, औषधे चोरून घ्यावी लागतात.

श्रवणदोषाचे घ्या. बाळाला ऐकू येते का याची चाचणी पहिल्या महिन्यात, निदान तिसऱ्या महिन्यापर्यंत आणि उपचारांची सुरुवात सहाव्या महिन्यापर्यंत, असे वेळापत्रक तज्ज्ञांनी घालून दिले आहे. भाषा आपोआप उचलण्याचा काळ पहिल्या तीन-साडेतीन वर्षांचा. पण ‘बहिरा’ हा शिक्का घरात येऊ नये म्हणून ‘याचे काकाही उशिराच बोलू लागले होते’ असे म्हणत त्यातली दोन वर्षे सहज निघून जातात. निदान झाल्यावरही पालक आधी विचारतात ते दिसणार नाही असे मशीन मिळेल का. ते कानाच्या नळीत बसणारे छोटे यंत्र लहान मुलासाठी चुकीचे असते. मुलाची कर्णनलिका वाढत असते, त्यामुळे यंत्र थोड्याच काळात सैल होते आणि शिट्टी वाजू लागते. शिवाय तीव्र श्रवणदोषाला लागणारी ताकद त्या आकारात मावत नाही. कानामागचे यंत्र घेतले तर वाढत्या कानाबरोबर फक्त त्याचा कानात बसणारा साचा बदलावा लागतो. जागेपणीचा सगळा वेळ ते कानावर असले तरच उपयोग, आणि मुले ते नेमके मधल्या सुट्टीत काढून दप्तरात टाकतात, कारण चिडवाचिडवी तेव्हाच होते. मग मित्रांमधली भाषा, म्हणजे शाळेत मिळणारा भाषेचा सगळ्यात मोठा साठा, कानावर पडतच नाही.

‘मूकबधिर’ हा शब्द तर वस्तुस्थितीलाही धरून नाही. बहुतेक बधिर मुलांचे स्वरयंत्र धडधाकट असते. आवाज ऐकू न आल्याने बोलणे शिकायचे राहून जाते, आणि खुणांच्या भाषेत ती अखंड बोलत असतात. त्यांना मुके ठरवले की वाचा-उपचार कशाला, असा प्रश्न घरातूनच येतो.

अडखळत बोलणाऱ्याला तोतरा म्हणून चिडवल्यावर तो बोलणे सोडतोच असे नाही. तो अवघड अक्षर चुकवायला शिकतो, वाक्य मध्येच वळवतो, उत्तर येत असूनही हात वर करत नाही. स्वतःच्या नावाला मात्र पर्यायी शब्द नसतो, म्हणून हजेरी आणि मुलाखत ही त्याची सर्वांत कठीण ठिकाणे. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते, दोष कमी झाला. वास्तविक तो दडलेला असतो, आणि दडलेल्या दोषावर उपचार करणे अधिक अवघड.

अपस्माराच्या, म्हणजे फेफऱ्याच्या, बाबतीत लपवालपवी जिवावर बेतते. हिंदू विवाह कायद्याने फेफरे हा विवाहातला अडसर १९९९ मध्येच काढून टाकला. तरी ‘फिटवाली’ हा शब्द टळावा म्हणून मुलीचा आजार लग्नात सांगितला जात नाही. सासरी गोळ्या लपून घ्यायच्या, म्हणजे वेळा चुकणार. झटके परत येण्याचे एक मोठे कारण हेच, चुकलेला डोस. पाच मिनिटांपेक्षा जास्त चाललेला झटका तातडीचा प्रसंग असतो, आणि अशा वेळी शेजारी उभ्या माणसाला आजाराचा पत्ताच नसतो.

यावर कायदा आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ९२ (अ) नुसार अपंगत्व असलेल्या व्यक्तीचा मानहानीच्या हेतूने, जाणूनबुजून, लोकांच्या नजरेसमोरील ठिकाणी अपमान केल्यास किमान सहा महिने ते कमाल पाच वर्षे कारावास आणि दंड आहे. त्याची मर्यादाही सांगितली पाहिजे: अपमान त्या व्यक्तीचा असावा लागतो. ‘बहिरे सरकार’ त्यात बसणार नाही. तक्रार करायची असेल तर उच्चारलेले शब्द जसेच्या तसे लिहावेत. ‘अर्वाच्य बोलला’ एवढ्याने प्रकरण उभे राहत नाही. तारीख, वेळ, ठिकाण, तिथे हजर असलेल्यांची नावे, असल्यास ध्वनिमुद्रण आणि अपंगत्व प्रमाणपत्राची प्रत जोडावी. अर्जात कलमाचा क्रमांक आपणच घालावा. एक प्रत राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे पाठवावी. निवडणूक आयोगाने डिसेंबर २०२३ मध्ये राजकीय पक्षांना अशी भाषा टाळण्यास सांगितले आहे. सर्वोच्च न्यायालयाने ८ जुलै २०२४ च्या निकालात दृक्‌श्राव्य माध्यमांसाठी मार्गदर्शक तत्त्वे दिली. विनोदावर न्यायालयाने सरसकट बंदी घातली नाही. अपंगत्वाची समज वाढवणारा विनोद आणि अपंगांना हिणवणारा विनोद यांत फरक केला. तो आम्हाला रास्त वाटतो.

कुणी म्हणेल, शब्द बदलून काय होते? ‘इडियट’, ‘इम्बेसाइल’ आणि ‘मोरॉन’ हे एकेकाळी बुद्धिमापनातले अधिकृत वर्ग होते. मोरॉन तर १९१० मध्ये एका मानसशास्त्रज्ञाने मुद्दाम घडवलेला शब्द. तिन्ही आज शिव्या आहेत. ‘दिव्यांग’चेही उद्या तेच होऊ शकते, शिवाय दैवी अंग सुचवणारा हा शब्द अनेक अपंग कार्यकर्त्यांना मुळातच मान्य नाही. म्हणून आमचा भर नव्या शब्दावर नाही. ‘अंध विद्यार्थी’, ‘कर्णबधिर कर्मचारी’ हे शब्द माहिती देतात, ते राहू द्यावेत. माणसाची ओळख लिहायची असेल तर त्यालाच विचारावे. अवगुण दाखवायला दुसऱ्याचे अपंगत्व वापरणे तेवढे थांबावे. (‘वासरात लंगडी गाय शहाणी’ ही म्हण कोशातून काढा, असे आमच्यापैकी कुणाचेही म्हणणे नाही.)

उपसंपादकाच्या टेबलावर हे अवघड नाही, उलट बातमी सुधारते. ‘आंधळा कारभार’ यातून वाचकाला काहीच कळत नाही. ‘मोजमाप न तपासता बिले मंजूर’ यातून कळते. ‘बहिरे प्रशासन’ऐवजी ‘सात अर्जांना उत्तर नाही’ लिहिता येते, मात्र त्यासाठी वार्ताहराला अर्ज मोजावे लागतात. रूपक हे पुष्कळदा न केलेल्या कामावरचे पांघरूण असते. आक्षेपार्ह शब्द नेत्याच्या तोंडचा असेल तर मथळ्यात नको. मजकुरात त्याने काय आरोप केला ते सांगावे, आणि शब्दावरच वाद झाला असेल तर तो एकदा, अवतरणात द्यावा. ‘मनोरुग्णाचा हल्ला’ हे डॉक्टर किंवा न्यायालयाने म्हटल्याशिवाय छापू नये. घटनास्थळी कुणीतरी केलेला अंदाज म्हणजे निदान नव्हे. ‘वय तीस, पण बुद्धी पाच वर्षांच्या मुलाची’ हे वाक्यही काढून टाकावे. मानसिक वय हा चाचणीतला एक आकडा आहे. तीस वर्षे जगलेल्या माणसाची इच्छा, अनुभव आणि हक्क प्रौढाचेच असतात. ‘व्हीलचेअरला खिळलेला’ असे लिहू नये, ‘व्हीलचेअर वापरतो’ असे लिहावे. ती आहे म्हणून तर तो घराबाहेर पडतो.

संगणकात शब्दांची काळी यादी भरून मात्र काम भागणार नाही. ‘आंधळा’ अडवला की आंधळा साप या जातीवरचा लेखही अडतो, आणि ‘मतिमंद’ अडवला तर ‘मतीमंद’ किंवा रोमन लिपीतला तोच शब्द आरामात निसटतो. शेवटचा हात माणसाचा हवा. चूक झालीच तर दुसऱ्या दिवशीच्या अंकात खुलासा देऊन थांबू नये. संकेतस्थळावरचा मथळा, बातमीच्या दुव्यातले शब्द, छायाचित्राची ओळ आणि समाजमाध्यमावर गेलेली चौकट अशा चारही जागा तपासाव्यात. बहुधा पहिलीच दुरुस्त होते आणि उरलेल्या तीन तशाच फिरत राहतात.

आपले,
विशेष शिक्षक आणि वाचा-श्रवण उपचारतज्ज्ञ