मऊ चप्पल आणि ज्येष्ठांचा तोल

महोदय,

गेल्या पावसाळ्यात माझी ७६ वर्षांची आई घरातच, मोरीच्या उंबरठ्याशी पडली आणि तिचे मनगट मोडले. फरशी कोरडी होती, दिवाही लावलेला होता. पायात मात्र गुडघेदुखीवर आराम पडावा म्हणून आम्हीच आणून दिलेली जाड, स्पंजासारखी मऊ चप्पल होती. पुढे फिजिओथेरपिस्टने तिला आधी त्या चपलेत आणि मग पातळ, घट्ट तळाच्या सँडलमध्ये उभे केले, तेव्हा पहिल्या वेळी तिच्या घोट्यांची सतत चाललेली चाळवाचाळव आम्हाला स्पष्ट दिसली.

आपण स्तब्ध उभे असतो तेव्हाही शरीराचा भार घोट्याच्या किंचित पुढे पडत असतो आणि त्यामुळे पोटरीचे स्नायू अखंड काम करीत असतात. किती ओढायचे हे त्यांना तळपायाच्या त्वचेतून आणि घोट्याच्या सांध्यातून येणाऱ्या संवेदनांवरून कळते. तळ जाड आणि मऊ असला की तो पावलाखाली वेडावाकडा दबतो, पाऊल नेमके किती कलले आहे याचा अंदाज चुकतो आणि पोटरी व नडगीच्या स्नायूंना मागाहून धावपळ करावी लागते. तरुणांना ती जमते. वयामुळे संवेदना आणि स्नायू दोन्ही मंदावलेल्यांना ती जमेलच असे नाही. साठी ओलांडलेल्या पुरुषांना अरुंद फळीवरून चालवून केलेल्या, १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासातही पातळ आणि कठीण तळावरच तोल अधिक चांगला राहिला होता.

स्नायूंना जास्त राबावे लागते म्हणजे आपोआप व्यायामच घडतो, असे काही जण म्हणतात. अशाच दाव्यांवर वक्र तळाचे बूट विकणाऱ्या स्केचर्स कंपनीला २०१२ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित जपणाऱ्या सरकारी संस्थेशी ४ कोटी डॉलरची तडजोड करावी लागली होती.

याचा अर्थ ज्येष्ठांनी घरात अनवाणी फिरावे असा मुळीच नाही, कारण अनवाणी किंवा नुसते मोजे घालून वावरणाऱ्या वृद्धांमध्येही पडण्याचे प्रमाण अधिक आढळते. मधुमेहामुळे ज्यांचे तळपाय बधिर झाले आहेत, त्यांना जखम टाळण्यासाठी एमसीआर (सूक्ष्म पोकळ्यांच्या मऊ रबराची) चप्पल लागतेच, आणि तीही मागे पट्टा असलेली घेता येते. मागून सुटी चप्पल सांभाळण्यासाठी बोटे आवळून चालावे लागते आणि पाऊल पुरेसे उचलले जात नाही. उंबरठ्याला अडखळण्याचे ते मोठे कारण आहे.

गुडघेदुखीसाठी ‘मऊ चप्पल वापरा’ असे सांगणाऱ्या डॉक्टरांनी आधी रुग्णाचा तोल तपासावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. तसेच मागे पट्टा, रुंद टाच आणि न घसरणारा घट्ट तळ असलेली घरगुती सँडल चप्पल उत्पादकांनी बायकांच्या लहान मापांतही बाजारात आणावी. आईसाठी चार नंबरची अशी सँडल शोधताना आम्हाला सात दुकाने पालथी घालावी लागली.

आपली विश्वासू,
एक वाचक, सांगली