मनूला दुंडिगलला पाठवताना

पुणे,
५ ऑक्टोबर २०२५

प्रिय सुधाकर,

मनूचं मेरिट लिस्टमध्ये नाव आलं, पोरगी हैदराबादजवळच्या दुंडिगलच्या एअर फोर्स अकॅडमीत निघाली, हे वाचून ऊर भरून आला. पण खाली तू लिहिलंयस, "चंदीगडला मिग-२१ या जुन्या लढाऊ विमानाचा निरोप टीव्हीवर पाहिला आणि पोटात गोळा आला. तू आयुष्यभर विमानांत हात काळे केलेस, खरं काय ते सांग." खरं तेच सांगतो.

तो निरोप पाहताना मला आपल्या पुण्याचा फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ आठवत राहिला. १७ सप्टेंबर २००१, राजस्थानातलं सुरतगड. रात्री मिग-२१ घेऊन तो उडाला आणि लगेचच विमान कोसळलं. ठपका त्याच्यावरच आला: वैमानिकाचं दिशाभान सुटलं.

दिशाभान सुटणं म्हणजे काय, ते तुला कळायला हवं. वाळवंटातली काळोखी रात्र, क्षितिज दिसत नाही, खालचे दिवे कुठले आणि वरच्या चांदण्या कुठल्या ते उमगत नाही. त्यात आफ्टरबर्नर, म्हणजे इंजिनाचा जादा जोर, लावून विमान सुसाट सुटलं की अंग सीटमध्ये मागे दाबलं जातं आणि कानातला तोल सांभाळणारा भाग मेंदूला सांगतो, नाक फार वर चाललंय. पायलटचा हात आपसूक स्टिक पुढे ढकलतो, आणि जमीन तर जवळच असते. कसलेल्या माणसालाही हे होतं. डोळे समोरच्या उपकरणांच्या काट्यांवर ठेवायचे आणि शरीर काहीही सांगो, ऐकायचं नाही, ही सवय घोटून घोटून लावावी लागते.

ती लावायची कशावर? किरण हे शिकवणीचं संथ, गुणी विमान. त्यावरून पोरं थेट मिग-२१ वर जात, जे उतरतानाही ताशी तीनशे किलोमीटरच्या वर असतं. त्याचं दोन सीटचं ट्रेनर होतं, पण मागे बसलेल्या इन्स्ट्रक्टरला पुढचं दिसावं म्हणून पेरिस्कोप लावलेला! मधली पायरी म्हणून प्रगत जेट ट्रेनर घ्या, असं उड्डाण सुरक्षेवरच्या ला फॉन्टेन समितीने १९८२ मध्येच सांगितलं होतं. अशा ट्रेनरचा, हॉकचा, करार झाला २००४ मध्ये, विमानं कर्नाटकात बिदरला दाखल झाली २००८ मध्ये. सव्वीस वर्षं, सुधाकर. या सव्वीस वर्षांच्या दिरंगाईची चौकशी कुठल्या कोर्ट ऑफ इन्क्वायरीने करायची? अभिजितचं भान सुटलं असं घटकाभर धरलं, तरी प्रश्न तिथे संपत नाही, तिथे सुरू होतो.

त्याची आई, कविता गाडगीळ, हेच विचारत राहिली. नवरा स्वतः हवाई दलातून निवृत्त झालेला विंग कमांडर. गप्प बसणं सोपं होतं. दोघं बसले नाहीत. पत्रं लिहिली, दारं ठोठावली, आणि अभिजित सक्षम वैमानिक होता हे हवाई दलाकडून वदवून घेतलं. पुढे पुण्यात मुलाच्या नावाने जीत एरोस्पेस इन्स्टिट्यूट काढली. मला या बाईंबद्दल फार आदर आहे.

आकडाही सांगतो, कारण तू तो कुठेतरी वाचशीलच. २०१२ मध्ये संरक्षणमंत्री अँटनींनी राज्यसभेत सांगितलं होतं, की १९७१-७२ पासून ८७२ मिग विमानांपैकी ४८२ गेली, १७१ वैमानिक गेले. त्यांनी कारणं दोन्ही दिली होती, माणसाच्या चुका आणि यंत्रातले दोष. मिगनंतरही सगळं आलबेल झालेलं नाही. मनू जिथे जातेय, तिथून उडालेलं पिलॅटस हे शिकवणीचं विमान डिसेंबर २०२३ मध्ये तेलंगणातल्या तूप्रानजवळ पडलं. इन्स्ट्रक्टर आणि शिकाऊ कॅडेट दोघंही गेले.

पण फरक मोठा आहे. पूर्वी शिकण्याची सुरुवात दीपक या विमानावर व्हायची. त्याचं इंजिन हवेत बंद पडायचं आणि पायलटला बाहेर फेकून वाचवणारी इजेक्शन सीट नव्हतीच. २००९ मध्ये मेडक जिल्ह्यात दोन इन्स्ट्रक्टर गेले, तेव्हा कुठे त्या विमानाची उड्डाणं बंद झाली. मनूला पिलॅटस मिळेल, त्यात इजेक्शन सीट आहे. फायटरकडे गेलीच, तर पुढे हॉक आहे. सुरतगडच्या पोरांना ही पायरी नव्हती.

तिला माझ्याकडून दोन गोष्टी सांग. उड्डाणाआधी आम्ही इजेक्शन सीटच्या सेफ्टी पिना काढायचो, लाल फिती लावलेल्या, आणि एकेक पायलटसमोर धरायचो. काही पायलट मान हलवून मोकळे व्हायचे, काही मोजायचे. तिने मोजायच्या. फॉर्म ७०० वर, म्हणजे विमानाच्या देखभालीच्या नोंदवहीवर, सही करण्याआधी मागची पानं चाळायची, आणि उतरल्यावर बारीकसा स्नॅग, म्हणजे बिघाड, वाटला तरी लिहायचा. स्नॅग लिहिणाऱ्या पायलटला आम्ही टेक्निशियन लोकांनी कधी नावं ठेवली नाहीत. न लिहिणाऱ्याची भीती वाटायची. दुसरं, झोप झाली नसेल, सर्दीने कान बंद असतील, तर सरळ सांगायचं, आज उडत नाही. कोर्समधली पोरं काय म्हणतील याचा विचार करायचा नाही.

पाठव तिला. वहिनींना काही झाकू नकोस, हे पत्रच वाचायला दे. आणि जायच्या आधी मनूला घेऊन इकडे ये, रात्रीच्या उड्डाणाचं सगळं तिच्याशी सविस्तर बोलायचंय.

तुझा,
वसंता