सुपरवायझर केलं आणि ओटी गेली

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

कारखान्यात दिवसाची मर्यादा ९ तासांवरून १२ तास करायला मंत्रिमंडळानं सप्टेंबर २०२५ मध्ये मान्यता दिली, तेव्हापासून आमच्या गेटबाहेरच्या टपरीवर चहा घेताना हाच विषय, की जास्तीच्या तासांना डबल पगार मिळणार का, आणि कामगाराची संमती म्हणजे नेमकं काय, फॉर्मवर सही करून घेतली की झालं का. बरोबर आहे, बोलायलाच पाहिजे. पण ज्याला "तुला ओटी (ओव्हरटाइम, म्हणजे जादा तासांचे पैसे) लागूच नाय" म्हणून सांगितलंय त्याचं कोण बोलणार, म्हणजे आमच्यासारखे सुपरवायझर, म्हणून हे पत्र.

मी शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत, म्हणजे धातू वितळवून ओतकाम करायच्या कारखान्यात आहे. बरीच वर्षं मोल्डिंगला ऑपरेटर होतो, मग एक दिवस केबिनमध्ये बोलावलं, हातावर पेढा ठेवला आणि म्हणाले आजपासून तुम्ही स्टाफ. वेगळ्या रंगाचा शर्ट मिळाला. घरी पण सगळे खूश. गणित कळायला दोन महिने लागले. आता माझ्या हाताखालच्या पोराचा पगार १६,६४० आहे, २६ दिवस आणि ८ तास धरले तर तासाला ८० रुपये, ओटीला डबल म्हणजे १६०, महिन्यात ३५ तास थांबला की ५,६०० वरचे आणि एकूण २२,२४० घेऊन जातो. मी त्याच्या आधी येतो, त्याच्यानंतर जातो, रिलिव्हर (पुढच्या पाळीचा माणूस) आला नाही तर चालू फर्नेस सोडून जाणार कुठं, आणि माझे २१ हजार ते २१ हजारच. २०१९ च्या महापुरात शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली गेला तेव्हा आम्ही तिघं सुपरवायझर तीन रात्री कंपनीतच होतो, त्याच्या बदल्यात एक कॉम्प ऑफ (बदली सुट्टी) मिळाला आणि तो पण मार्चअखेर लॅप्स झाला!

इतकी वर्षं मला वाटायचं की कायदाच तसा असणार. तसा नव्हता ओ. १९४८ च्या फॅक्टरी ॲक्टच्या कलम ६४ मध्ये सुपरवायझर-मॅनेजर लोकांना कामाच्या तासांच्या नियमातून सूट होती हे खरं, पण त्याच कलमात पुढं लिहिलेलं होतं की अशा माणसाचा पगार वेतन अदायगी कायद्यातल्या मर्यादेच्या आत असेल तर त्याला ओव्हरटाइम द्यायचाच. ती मर्यादा २०१७ पासून महिना २४ हजार होती. म्हणजे माझा हक्क बसत होता आणि मला माहीतच नाही. ऑफिसात विचारलं तर म्हणतात, तुम्ही आता मॅनेजमेंट साइडचे, तुम्हीच असं बोलायला लागलात तर कसं चालायचं. कसलं मॅनेजमेंट मर्दा, मला कुणाची एक दिवसाची रजा मंजूर करायचा अधिकार नाय.

आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवीन कामगार संहिता लागू झाल्या. त्यातल्या सुरक्षा, आरोग्य आणि कामाच्या परिस्थितीच्या संहितेत डबल पगारानं ओव्हरटाइम 'वर्कर'ला आहे, आणि सुपरवायझरचं वेतन १८ हजाराच्या वर गेलं की तो वर्करमध्ये मोडत नाही. २४ चे १८! गॅस, तेल, पोरांची फी, सगळं वर चाललंय आणि ही एकच गोष्ट खाली आली. (इथं वेतन म्हणजे पे-स्लिपवरचा पूर्ण आकडा नव्हे, घरभाडं, प्रवास भत्ता वगैरे ठराविक मर्यादेपर्यंत त्यातून वगळतात, त्यामुळं २१ हजारवाल्यानं पण आपली स्लिप एकदा नीट बघावी, कदाचित तो अजून १८ च्या आतच असेल. आणि नुसत्या हुद्द्यावर जायचं नसतं, माणूस मुख्यतः काम काय करतो ते बघायचं, हे सुप्रीम कोर्टानं पण अनेक वेळा सांगितलंय.)

माझा भाचा टेक्सासमध्ये एका दुकानात असिस्टंट मॅनेजर आहे, त्याला फोनवर हे सांगितलं तर तो हसायला लागला, म्हणाला मामा इथं पण हेच. तिकडं आठवड्याला ४० तासांच्या वर दीडपट पैसे, पण मॅनेजर वगैरे लोकांना त्यातून सूट, मात्र त्यासाठी काम पण तसं पाहिजे आणि आठवड्याचा पगार ठराविक आकड्याच्या वर पाहिजे. हा आकडा २००४ मध्ये ४५५ डॉलर ठरला तो २०१९ संपेपर्यंत तिथंच, मग ६८४ झाला. २०२४ मध्ये सरकारनं तो जुलैपासून ८४४ केला, जानेवारी २०२५ पासून १,१२८ होणार होता, तर १५ नोव्हेंबरला टेक्सासच्याच कोर्टानं सगळं रद्द करून परत ६८४ वर आणला. २०१६ मध्ये पण असंच झालेलं. भाच्याचा पगार ६८४ च्या थोडा वर, १,१२८ झाले असते तर एकतर पगार वाढला असता नाहीतर ओटी सुरू झाली असती, आता दोन्ही नाही.

पण कॅलिफोर्नियात काय केलंय बघा. तिथं ओटीतून वगळायचं तर माणसाचा पगार राज्याच्या किमान वेतनाच्या निदान दुप्पट पाहिजे, असं कायद्यातच आहे. किमान वेतन वाढलं की ही रेषा आपोआप वर सरकते. मला हे लई पटलं. आपल्याकडं औद्योगिक विवाद कायद्यात सुपरवायझरला कामगार धरायला पगाराची मर्यादा म्हणून १,६०० रुपयांचा आकडा होता, तो २०१० मध्ये १० हजार झाला, मधे पंचवीसेक वर्षं तो आकडा तसाच. आकडा एकदा छापला की कुणी हात लावत नाही, म्हणून तो किमान वेतनालाच बांधून टाकावा.

१८ हजार बदलायचा अधिकार संहितेनं केंद्र सरकारला दिलाय, नुसती अधिसूचना काढायची आहे, संसदेत परत जायची गरज नाही. आपल्या जिल्ह्यातल्या खासदारांनी एवढा एक प्रश्न विचारावा, आणि शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या युनियननी मागणीपत्रात आमची पण एक ओळ घालावी, आम्ही वर्गणी द्यायला तयार आहे.

पत्र छापलंत तर नाव घालू नका, अजून तिथंच कामाला आहे.

आपला,
एक सुपरवायझर, कोल्हापूर