अकराव्या दिवसापासून आम्ही कुणाचे? आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई

सविनय नमस्कार.

मी लालबागला चाळीत राहते. पोळी-भाजी केंद्र चालवते. म्हणजे जुलैपर्यंत चालवत होते. चाळीस डबे होते माझे. पहाटे चारला उठून दोनशे पोळ्या लाटायच्या, साडेनऊला डबे खाली. हे आधी सांगते, कारण काल एका ओपीडीत मला विचारलं, "तुम्हाला आता नक्की होतंय काय?" त्याचं उत्तर मला तिथे देता आलं नाही. दम लागला होता आणि मागे रांग होती.

११ जुलैला मला दाखल केलं. चार दिवस ताप होता, पावसाळ्यातला साधा ताप म्हणून मी अंगावर काढला, ही माझी चूक. पाचव्या दिवशी ओठ निळे पडले. तपासणीत स्वाइन फ्लू निघाला, दोन्ही फुप्फुसांत न्यूमोनिया. अकरा दिवस व्हेंटिलेटर, एकूण सव्वीस दिवस रुग्णालय. तिथल्या डॉक्टरांनी, सिस्टरांनी आणि कूस बदलून देणाऱ्या मावशींनी मला मरू दिलं नाही. केशरी रेशनकार्डावर महात्मा फुले योजनेत, जिला आमच्या चाळीत अजून सगळे 'जीवनदायी'च म्हणतात, उपचार झाले. बिल भरावं लागलं नाही. हे ऋण मी विसरणार नाही आणि पुढे जे लिहिते आहे ते त्या माणसांविरुद्ध नाही.

६ ऑगस्टला घरी सोडलं. वॉर्डात एक अधिकारी आले, माझ्या हातात फुलांचा गुच्छ दिला, फोटो काढला. म्हणाले, "घरी फिजिओथेरपिस्ट येतील. दर आठवड्याला आमचा फोन येईल. बऱ्या झालेल्यांसाठी वेगळी ओपीडी आहे, काळजी करू नका." माझ्या मुलीने फॉर्मवर दोन मोबाईल नंबर लिहिले. आज साडेतीन महिने झाले. एक फोन नाही. कुणी आलं नाही. हातात पडला तो व्यायामाच्या चित्रांचा इंग्रजी झेरॉक्स कागद.

आमचं घर तिसऱ्या मजल्यावर. चोपन्न पायऱ्या. लिफ्ट नाही. मंडळाच्या चार पोरांनी मला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून वर नेलं. संडास गॅलरीच्या टोकाला, आमच्या दारापासून बावीस पावलं. ही बावीस पावलं मला दीड महिना एकटीने टाकता आली नाहीत. मुलगी टीवायला आहे, कॉलेज बुडवून ती मला धरून न्यायची आणि बाहेर बादली घेऊन उभी राहायची. शेजाऱ्यांच्या देखत. मी बावन्न वर्षांची बाई आहे, माझ्या मुलीने मला असं बघावं असं मला वाटत नव्हतं.

एका तरुण डॉक्टरने मला नीट समजावलं होतं. व्हेंटिलेटरवर पडून राहिलेल्या माणसाचे स्नायू पहिल्या आठवडा-दहा दिवसांतच झपाट्याने झिजतात. नळीमुळे आवाज बसतो. मोठ्या तापानंतर दोन-तीन महिन्यांनी केस गळायला लागतात. विसरायला होतं, झोपेत आयसीयू दिसतं, भीती वाटते. याला डॉक्टरांच्या भाषेत नाव आहे, पोस्ट इंटेन्सिव्ह केअर सिंड्रोम, आणि ते महिनोन् महिने चालतं. म्हणजे हे कुणाला माहीत नाही असं नाही. सगळ्यांना माहीत आहे. मला यातलं सगळं झालं. शेजारच्या घरात मोबाईल वाजला की मला मशिनची घंटा वाटते आणि घाम फुटतो. परवा मी भाजीत मीठ दोनदा घातलं. सप्टेंबरात पहिल्यांदा लाटणं हातात घेतलं, आठव्या पोळीला मनगट थरथरायला लागलं आणि मी ओट्याला धरून खाली बसले. दोनशे नाही. आठ.

योजनेच्या नियमात घरी सोडल्यानंतर दहा दिवसांपर्यंतचा पाठपुरावा मोफत आहे. माझे दहा दिवस १६ ऑगस्टला संपले. त्या दिवशी मी भिंत धरूनसुद्धा उभी राहू शकत नव्हते. केंद्राच्या आयुष्मान योजनेत हे दिवस पंधरा आहेत. महोदय, हे दहा आणि पंधरा कुणी ठरवले? ज्याने ठरवले त्याने व्हेंटिलेटरवरून सुटलेलं माणूस अकराव्या दिवशी पाहिलं होतं का? तुमच्याच सरकारने योजनेचं कवच पाच लाखांपर्यंत नेलं, सगळ्यांना लागू केलं. चांगलं केलं. पण माझ्या घरात चालायला शिकण्यासाठी त्यातला एक रुपया मला वापरता येत नाही.

माझा खर्च सांगते. ऑक्सिजनचं मशिन भाड्याने, महिना सहा हजार, दोन महिने. फिजिओथेरपिस्ट एका वेळचे सातशे, बारा वेळा आले, मग आम्ही नको म्हणालो. औषधं, सीटी स्कॅन, तपासण्या एकोणीस हजार. चार वेळा टॅक्सीने ओपीडी, सोळाशे. एकेचाळीस हजार झाले. बचत गटातून तीस हजार उचलले आहेत. आणि चार महिने डबे बंद, ते वेगळंच. माझं एक गिऱ्हाईक कारखान्यात आहे, एकवीस हजारांच्या आत पगार, म्हणून ईएसआय या कामगार विमा योजनेत. तो आजारी पडला तर वर्षाला एक्क्याण्णव दिवस सत्तर टक्के पगार मिळतो. त्याला मिळतो याचा मला आनंद आहे. पण त्याचा डबा करणारी मी आजारी पडले तर मला काय? घरकाम करणारी, फुलं विकणारी, रिक्षा चालवणारा, यांचं फुप्फुस वेगळ्या मातीचं आहे का? या मुंबईत पगाराच्या चिठ्ठीशिवाय जगणारी माणसं किती आहेत ते तुम्हाला मोजून सांगायला हवं का?

आता कालचं. चौथी फेरी. साडेसातला निघाले, चोपन्न पायऱ्या उतरायला वीस मिनिटं लागली. चार तास बाकावर. नंबर आला तेव्हा खिडकीवरचा माणूस म्हणाला, "तुमचा केसपेपर बंद झालाय. तुम्ही बऱ्या झालात." मी त्या वेगळ्या ओपीडीबद्दल विचारलं. अशी ओपीडी इथे नाही, म्हणाला. मी बसक्या आवाजात काहीतरी बोलले, त्याला ऐकू गेलं नाही, त्याने पुढच्याला बोलावलं. मुलीने ऑक्सिमीटर लावून दाखवला, रक्तातला ऑक्सिजन अठ्ठ्याऐंशी होता. त्याने पाहिलासुद्धा नाही.

बरी झाले म्हणजे तुमच्या तक्त्यात एक आकडा वाढला. कोविडमध्ये रोज संध्याकाळी आपण सगळ्यांनी तो तक्ता पाहिला: बाधित, मृत, बरे होऊन घरी गेलेले. घरी गेलेल्यांचं पुढे काय झालं याचा रकाना त्यात नव्हता. २०२० मध्ये मुंबईच्या मोठ्या रुग्णालयांत कोविडनंतरच्या ओपीडी निघाल्या. ऑक्टोबर २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने कोविडनंतरच्या दुखण्याची व्याख्यासुद्धा केली. एवढी माणसं गमावून शिकलेला हा धडा फक्त कोविडपुरता कसा? फ्लू, डेंग्यू, चिकनगुनिया दर पावसाळ्यात येतात. चिकनगुनियाने सांधे धरलेली बाई आमच्याच मजल्यावर आहे, सहा महिने झाले, तिला कढईसुद्धा उचलत नाही. तीही तुमच्या तक्त्यात बरी झालेली आहे.

याच शहरात १८९६ साली मांडवीत प्लेग आला आणि त्यातून १८९७ चा साथरोग कायदा झाला. माझ्या मुलीने मला तो वाचून दाखवला, चार कलमांचा मूळ कायदा, वाचायला वेळ लागत नाही. प्रवासी तपासायचे, बोटी अडवायच्या, न ऐकणाऱ्याला शिक्षा करायची, हे सगळं आहे. २०२० मध्ये आरोग्य कर्मचाऱ्यांच्या संरक्षणाची दुरुस्ती झाली, ती व्हायलाच हवी होती. पण जो रोगी वाचला त्याचं सरकार काही देणं लागतं, असं एक वाक्य त्यात नाही. सव्वाशे वर्षांत इंग्रज गेले, आपलं राज्य आलं, किती सरकारं आली. ते वाक्य लिहायला कुणालाच वेळ झाला नाही?

मी मोठं काही मागत नाही. आमच्याकडे पालिकेच्या आरोग्यसेविका दारोदार येतात, ताप आहे का विचारतात, पिंपातलं पाणी बघतात. त्यांना आयसीयूतून सुटलेल्यांची यादी द्या, हातात ऑक्सिमीटर द्या आणि या जादा कामाचे पैसे द्या, फुकट राबवू नका. पालिकेचा 'आपला दवाखाना' वस्तीत आहे, तिथे आठवड्यातून एक दिवस फिजिओथेरपिस्ट बसवा. व्हेंटिलेटरवरून उठलेल्यांसाठी दहा दिवसांचे सहा महिने करा. ऑक्सिजनचं मशिन रुग्णालयानेच घरी द्यावं, काम झालं की परत न्यावं. घरी व्यायामाचा कागद द्यायचा तर मराठीत द्या. आणि माझ्यासारख्या हातावर पोट असलेल्या बाईला उठून उभी राहीपर्यंत काही तरी पैसे द्या. ती परत दोनशे पोळ्या लाटायला लागली की तुमच्याकडे मागायला येणार नाही.

मुलगी म्हणते, पत्र कुणी वाचणार नाही. केसपेपर बंद म्हणाले तरी माझी पुढची तारीख १२ डिसेंबर आहे. त्या सकाळी मी पुन्हा चोपन्न पायऱ्या उतरून येणार आहे. तिथे मला कोण तपासणार, त्या डॉक्टरांचं नाव आणि खोली नंबर त्याआधी कळवा. नंबर फॉर्मवर आहेत, दोन्ही चालू आहेत.

आपली,
लालबागमधली एक पोळी-भाजी केंद्रवाली